टोळाच्या डोक्यावरचा दोर

क्रेन चालवणारीला सगळं आवार ताई म्हणायचं. पण तिचं खरं पाठचं भावंड म्हणाल तर एकच, धाकटा. आणि तो आज उडणार होता.

धाकट्यानं लिफ्ट दुरुस्तीची बरी चाललेली नोकरी सोडली आणि या एकट्या माणसानं बसायच्या उडत्या गाडीवर येऊन बसला. बसला म्हणजे खरंच बसला. गाडी तरी काय, नळ्यांचा पिंजरा, मध्ये खुर्ची आणि भोवती आठ पंखे. आवारात तिला टोळ म्हणत. टोळ वर जाताना ताईच्या क्रेनचा तारेचा दोर त्याच्या डोक्यावरच्या कडीत अडकवलेला असे. टोळ चढला की ताई दोर गुंडाळायची, उतरला की सोडायची. ओढायचा नाही आणि लोंबू द्यायचाही नाही. ओढला तर उडतंय कोण आणि उचलतंय कोण हेच कळेना, आणि लोंबला तर सरळ पंख्यात. जाहिरातीच्या व्हिडिओत हा दोर पुसून टाकत.

आज गिऱ्हाइकं आली होती. मंडपातल्या खुर्च्यांची तोंडं मुद्दाम सूर्याकडे केली होती, म्हणजे बारीक दोर कुणाच्या डोळ्यांत येऊ नये. क्रेन कशाला, असं कुणी विचारलंच तर कॅमेरा टांगायला, असं सांगायचं होतं.

"वर जाऊन स्थिर झालो की खटका ओढणार," धाकटा केबिनच्या पायरीवर उभा राहून म्हणाला. "कडी सुटेल, दोर बाजूला. मग टोळ आपल्या पंखांवर."

"याआधी कधी ओढलायस?"

"आज ओढतोय ना."

"म्हणजे पोहायला शिकायचं ते थेट डोहात उडी मारून."

"तुझ्या तोंडून काही चांगलं निघतच नाही का गं? दोन वर्षांत ही गाडी घरोघरी दिसेल, लिहून ठेव."

"दोन वर्षांमागेही हेच म्हणाला होतास. अरे, चहा गार होईस्तोवर तिची बॅटरी पुरत नाही. उतरणार कुठं? शेजारणीनं गच्चीत वाळत घातलेल्या चादरींवर? आणि पंखा बंद पडला तर काय, कडेला लावून मेकॅनिकला फोन करशील? आभाळाला कड असते का?"

"मोबाइल आला तेव्हाही तू नाकं मुरडली होतीस."

"मोबाइल पडला तर मोबाइल फुटतो, धाकट्या."

तो हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. हेल्मेटचा पट्टा उगाच ओढत म्हणाला, "मालकानं स्पष्ट सांगितलंय. आज दोर सोडून दाखवलं नाही तर उद्यापासून आवाराला कुलूप. मग मी कुठं जाऊ? लिफ्टवाले मला ओवाळून घरात घेणार आहेत का?"

"घेतील. नाही घेतलं तर माझ्या घरी बस. पण खटक्याला हात लावू नकोस."

"तू दोर सांभाळ. खटक्याचं मी बघतो."

तो उतरून गेला. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. लहानपणी भांडून जाताना असाच पाठ ताठ करून जायचा.

खाली पंजाकाका उभे होते. पंख्यांच्या घरघरीत फोनवरचं ऐकू येत नाही, म्हणून सारं काम त्यांच्या हातांच्या इशाऱ्यावर चाले. चढव, उतरव, हे फक्त काकांनी सांगायचं. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. पण 'थांब' मात्र कुणाचाही मानायचा. कुणीही दोन्ही हात आडवे पसरले की क्रेन जागच्या जागी थांबवायची, मग तो मालक असो की झाडूवाला. आणि एकदा थांबवली की काकांनी सांगेपर्यंत हलवायची नाही. ताईनं अर्धा जन्म याच शिस्तीत काढला होता. तिचे हात आधी थांबायचे, का थांबले ते मागाहून कळायचं.

पंखे सुरू झाले. धूळ उठली, मंडपाची झालर फडफडली. काकांनी बोट वर करून फिरवलं. टोळ उचलला गेला, ताईनं दोर गुंडाळायला घेतला. टोळ घराएवढा उंच चढला. मग दोन घरांएवढा. ताईची नजर काकांवर, दोरावर, पुन्हा काकांवर. भावाचं हेल्मेट पेरूएवढं दिसू लागलं. त्याचा एक हात खुर्चीखाली गेला होता.

'नको रे,' ती पुटपुटली.

तेवढ्यात मालक मंडपासमोर आला. तोंडाशी माइक धरायची गरज नव्हती, तो सदऱ्याला लावला होता. गिऱ्हाइकांकडे पाठ करून त्यानं आभाळाकडे पाहिलं आणि पक्षी होऊन दाखवावं तसे दोन्ही हात आडवे पसरले.

ताईचे हात थांबले.

क्रेन थांबली. टोळ मात्र चढतच राहिला. दोर सैल पडला, त्याचा वेढा झाला आणि तो वेढा पंख्यांकडे झुकू लागला.

चूक तिला लगेच कळली. तो 'थांब' नव्हता, मिरवणं होतं. काका मालकाकडे पाहत होते, त्यांचे हात छातीशीच राहिले होते. गुंडाळावं, तर झटक्यानं वेढा पंख्यात फेकला जाईल. न गुंडाळावं, तर तो आपणच तिथं पोहोचेल. तिचा हात दांड्यावर होता आणि दांडा जणू दगडाचा झाला होता.

धाकट्यानं मान वर केली. वेढा त्यालाही दिसला. आता त्याला दोनच वाटा होत्या. खटका ओढला तर दोर कडीतून सुटून बाजूला पडेल, आणि मग टोळ आणि तो, दोघंच आभाळात. मालकाला हवं होतं तेच. दोन वर्षं धाकट्यालाही तेच हवं होतं. नाहीतर पंखे बंद करायचे आणि दोरावर पडायचं.

खुर्चीखालचा हात बाहेर आला. त्यानं पंखे बंद केले.

घरघर एकदम थांबली. टोळ धोंड्यासारखा खाली आला, दोर ताणून करकरला, क्रेनला हिसका बसला आणि ताईचं कपाळ काचेवर आपटलं. तिनं डोळे उघडले तेव्हा टोळ हवेत लटकत होता. हळूहळू फिरत होता. आत धाकटा दोन्ही हातांनी नळीला मिठी मारून बसला होता.

मंडपातल्या मागच्या रांगेतून एका म्हातारबुवांनी विचारलं, "मालक, क्रेन गाडीबरोबरच मिळते की वेगळी घ्यावी लागते?"

हशा उसळला. काकांनी हळूच तळहात खाली केला. ताईनं टोळ जमिनीवर टेकवला, अगदी झोपलेलं मूल ठेवावं तसा. धाकटा बाहेर आला. तो केबिनकडे पाहून ओरडला, "ढील का दिलीस?"

"थांब दिसला, थांबले! चुकले मी!" ती ओरडली. "तू खटका का नाही ओढलास?"

त्यानं टोळाच्या डोक्यावरच्या कडीकडे एकदा पाहिलं.

मालक धावत आला. चेहरा लालबुंद, आवाज मात्र गोड, कारण माइक चालूच होता. "किरकोळ गोष्ट आहे, मंडळी! आत्ता लगेच पुन्हा दाखवतो. या वेळी दोर नाही, काही नाही. बस रे."

धाकट्यानं पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि मालकाच्या हातात दिलं.

"तुम्ही बसा," तो म्हणाला. "चालवायला सोपी आहे. तुम्हीच सांगता ना, कुणालाही येईल म्हणून."

माइकमुळे ते सगळ्या मंडपानं ऐकलं. हसणं थांबलं. सगळे मालकाकडे पाहू लागले. मालक हेल्मेट उलटसुलट करून पाहत राहिला, जणू त्यात कुठं काही लिहिलंय. त्यानं ते डोक्यावर काही चढवलं नाही.

पुढच्या रांगेतली एक बाई उठली, पर्स खांद्याला लावली आणि फाटकाकडे चालू लागली. तिच्यामागे आणखी दोघं उठले.

धाकटा क्रेनच्या चाकाला पाठ लावून खाली बसला. ताई केबिनमधून उतरली आणि त्याच्या शेजारी टेकली. कपाळावर टेंगूळ आलं होतं.

"कुलूप लागणार आता," तो म्हणाला.

"लागू दे," ती म्हणाली. मग त्याचा हात तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि गच्च धरून ठेवला.