कमरेतल्या चकतीची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. खेळातली नव्हे हो, एका फरशी बसवणाऱ्या माणसाच्या कमरेतली! दोन मणक्यांच्या मधली मऊ गादी म्हणा ना. आज माझी भीतीने गाळण उडाली आहे.

तरुणपणी मी चांगली रसरशीत होते. आमचे उस्ताद फरश्यांचे खोके गुडघे न वाकवता थेट कमरेतून उचलायचे. "काय ताकद आहे राव!" अशी शाबासकी मिळायची, ती त्यांच्या दंडांना. माझं नाव कुणी काढलं नाही. मी सुकले, चपटी झाले आणि एक दिवस माझा तुकडा बाहेर येऊन शेजारच्या नसेवर बसला. डावा पाय ठणकू लागला. उस्ताद गोळ्या गिळून कामावर जात राहिले.

मग ठणका अचानक थांबला.

"बरा झालो गं मी!" त्यांनी लेकीला सांगितलं आणि डॉक्टरांकडे जाणंच रद्द केलं. माझा थरकाप उडाला. अहो, तो तुकडा तिथेच होता! नस मरायला टेकली होती, म्हणून ती गप्प झाली होती. पण मला दुखण्याशिवाय दुसरी भाषा कुठे येते?

संध्याकाळी ते जिना चढून घरात आले.

"बाबा, डावी चप्पल कुठंय?"

"पायातच आहे की!"

चप्पल खाली पायरीवर पडली होती. लेकीने त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

"अंगठा वर उचला," डॉक्टर म्हणाले. अंगठा हलला नाही. त्यांनी कमरेचे फोटो पाहिले. "नुसता तुकडाही काढता येतो, पण तुमचा मणका सरकलाय. कृत्रिम चकती बसवावी, तर मागचे सांधे झिजलेत. चकती काढून दोन्ही मणके स्क्रूने जोडावे लागतील."

म्हणजे मी जाणार!

"पायात ताकद येईल ना?" लेकीने विचारलं.

"पाय ठणकत होता तेव्हाच दाखवायला यायला हवं होतं. आता प्रयत्न करू."

मित्रांनो, ओझं उचलताना गुडघे वाकवा. आणि दुखणं न सांगता गिळू नका हो! मला खुशाल काढा, पण त्यांचा पाय वाचू दे.

आता उस्तादांना ऑपरेशनसाठी स्ट्रेचरवरून आत नेत आहेत. लेक पायाशी चालते आहे.

"बाबा, अंगठा दाबतेय. कळतंय?"

"हो गं, कळतंय," उस्ताद छताकडे बघत म्हणाले.

तिने अजून हात लावलाच नव्हता.