पोचूभाऊचा आवाज

मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून बोलायचा, पुढून पसरट, मागून निमुळता, पोटात सहा मोठे सेल मावतील असा. मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, एवढ्या मोठ्या आवाजाचा धनी म्हणजे छातीचाही मोठा असणार. तसं काही नाही. मी फार भित्रा आहे. माझ्यातून बाहेर पडलेला शब्द मला परत बोलावता येत नाही, ही धास्ती मला एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात बसली आणि ती अजून सुटलेली नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. चंद्रपूरच्या एका दुकानातून मला तेंदूपत्त्याच्या मुकादमाने उचललं. दोन उन्हाळे मी जंगलात मजुरांना हाका मारल्या. मग एका पावसात माझ्यात पाणी शिरलं, घसा बसला आणि मुकादमाने मला गुलाम रसूल यांच्या दुकानात टाकून दिलं. गुलाम रसूल गावात रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी मला उघडलं, पुसलं, दोन तारा नव्याने जोडल्या आणि त्यांची मुलगी ज्या शाळेत शिकत होती त्या शाळेला देऊन टाकलं. मुलीचं नाव अरीबा. सातवीत होती.

आमचं गाव सिंदेवाहीकडच्या जंगलाला अगदी चिकटून. शाळेपासून थोडं पुढे गेलं की मोहाचं मोठं झाड लागतं. तिथून वाट वळसे घेत नाल्यात उतरते. नाल्यापलीकडे आठ-दहा घरांचा टोला आहे. टोल्यावरून सात लहान मुलं शाळेत यायची, पण शाळा सुटली तरी ती एकटी नाल्यात उतरत नसत. ती मोहाखाली थांबायची. शाळेचा शिपाई पोचूभाऊ मला गळ्यात अडकवून आधी नाल्यावर जायचा, वाळूत ताजं पाऊल उमटलंय का ते पाहायचा आणि मग दोन हाका द्यायचा. पहिली हाक जनावराला. "मामा, बाजूले व्हा जी, लेकरं येऊन राह्यले!" दुसरी लेकरांना. "या रे बाप्पा, रस्ता मोकळा हाय!" दुसरी हाक कानावर पडल्याशिवाय एकही पोर मोहाखालून हलत नसे. पोचूभाऊ स्वतः टोल्यावरच राहायचा. त्या सातांत त्याची नात सोमारीही होती, दुसरीतली.

जंगलात वाघाचं नाव घ्यायचं नाही, 'मामा' म्हणायचं, आणि त्याला अरे-तुरे तर मुळीच करायचं नाही, ही तिथली जुनी रीत. पोचूभाऊ ती मनापासून पाळायचा. पण गंमत बघा, जो माणूस वाघालाही 'जी' म्हणायचा, त्याला शाळेतली मोठी मुलं 'ए पोचू' म्हणायची. पाणी आण रे पोचू. घंटा वाजव ना पोचू. साठीला आलेला माणूस मुकाट्याने पाणी आणायचा. मुख्याध्यापक बापूराव गुरुजींनी भिंतीवर 'मोठ्यांशी आदराने बोला' असं ठसठशीत रंगवून घेतलं होतं. मुलं त्याच भिंतीला टेकून त्याला 'भोंग्या' म्हणून हाक मारायची.

अरीबा या सगळ्यांत पुढे. पोरगी हुशार, पण उचलली जीभ लावली टाळ्याला अशी. तिला एक देणगी होती. ती कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची. पोचूभाऊचा तर असा काढायची की त्यातला खोकलासुद्धा चुकायचा नाही. मधल्या सुट्टीत ती मला उचलायची आणि कंबरेवर हात ठेवून सुरू व्हायची, "मामा, बाजूले व्हा जी!" की नूतन आणि अश्वजित ही तिच्याच वर्गातली दोघं पोट धरून हसायची. पोचूभाऊ दुरून ऐकायचा आणि झाडू मारत राहायचा. आता खोटं कशाला बोलू, मलाही हसू यायचं. माझ्यामुळे एवढी मुलं खूश होतात, याचा मला गर्वच वाटायचा.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि साडेचारलाच अंधारल्यासारखं झालं होतं. म्हणून पोचूभाऊ घंटा व्हायच्या आधीच मला घेऊन नाल्यावर गेला. वाळूत पावलं होती. मोठी, रुंद, आणि त्यांच्या खळग्यांत पाणी अजून झिरपत होतं. म्हणजे जनावर आत्ताच, आमच्या समोरून गेलं होतं. समोरच्या झुडपात एक काटकी मोडली. पोचूभाऊने माझ्या खटक्यावरचं बोट उचललं. त्याने हाक दिली नाही. पाठ न फिरवता तो वीसेक पावलं मागे सरकला आणि मग शेतातल्या जवळच्या वाटेने शाळेकडे धावला. चार माणसं आणि डफ घेऊन यायचं, तोवर पोरांना थांबवून धरायचं, एवढंच त्याच्या डोक्यात असणार.

आम्ही शाळेत शिरलो आणि तेवढ्यात त्याच्याऐवजी कुणीतरी घंटा दिली. टोल्याची मुलं रोजच्या सवयीने मोहाकडे पळाली. पोचूभाऊला त्याची काळजी नव्हती. हाक आल्याशिवाय ती हलणार नाहीत, हे तो पक्कं जाणून होता. त्याने मला व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं आणि तो ऑफिसात गुरुजींना सांगायला गेला.

तेवढ्यात अरीबा आली. सोबत नूतन आणि अश्वजित.

"आज दुसरी हाक काढून पाह्य ना," अश्वजित म्हणाला. "ते नाई काढली तू आजवर."

अरीबाने मला उचललं. मित्रांनो, मी त्या क्षणी ओरडायला हवं होतं. पण भोंग्याला स्वतःचा आवाज नसतो, बोलणाऱ्याचाच असतो. तिने खटका दाबला, घसा खाकरला आणि पोचूभाऊच्या आवाजात हाक दिली.

"या रे बाप्पा, रस्ता मोकळा हाय!"

हाक गेली. टेकडीवर आपटली आणि चारी बाजूंनी परत आली. ती शाळेतून आली की नाल्यावरून, हे मोहाखालच्या सात-आठ वर्षांच्या पोरांना कसं कळावं?

आत पोचूभाऊ बोलता बोलता थांबला. स्वतःचाच आवाज त्याने बाहेरून ऐकला होता. तो दारात आला. त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"कोन बोल्लं?"

"मीच रे, पोचू," अरीबा हसत म्हणाली.

"बाई, मामा नाल्यावरच बसून हाय. माही सोमारी निघाली असन."

एवढं बोलून तो धावत सुटला. तिला तो रागावलाही नाही. अरीबाच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. मग तीही धावली. मी तिच्या छातीशी होतो. तिचं काळीज किती जोरात उडत होतं ते मला माझ्या पत्र्यात जाणवत होतं.

मोहाखाली कोणी नव्हतं. खाली वळणापलीकडून पोरांचं बोलणं ऐकू येत होतं, एक मुलगी काहीतरी गुणगुणत होती. अरीबाने मला तोंडाशी धरलं आणि आपल्या आवाजात किंचाळली, "थांबा! परत या! वाघ आहे!"

खालून एक पोरगं ओरडलं, "आमाले फसवू नको, अरीबाताई!" आणि सगळी हसली. तिच्या गमती साऱ्या शाळेला ठाऊक होत्या. आता तिची हाक कोण खरी मानणार?

पोचूभाऊने मला तिच्या हातातून ओढून घेतलं. पण धावून धावून त्याला धाप लागली होती. तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर पडत होती. दोनदा त्याने प्रयत्न केला. माझ्यातून फक्त घरघर निघाली. मी इतका कधी घाबरलो नव्हतो. सात लेकरं वाघाच्या तोंडी चालली होती, माझ्या पोटात चांगले सेल होते, आणि त्यांना थांबवेल असा आवाज कुणाजवळ नव्हता.

पोचूभाऊने मला परत अरीबाच्या हातात कोंबलं.

"तू बोल," तो धापा टाकत म्हणाला. "माह्यासारखी बोल. थांबा म्हन."

अरीबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जो आवाज काढायला तिला कधी क्षणभरही लागला नव्हता, तो आता तिच्या घशातून निघेना. तिने डोळे मिटले आणि खटका दाबला.

"थांबा रे बाप्पा! जिथी हाय तिथीच थांबा!"

खालचं बोलणं बंद झालं. गुणगुणणंही थांबलं. का, कशाला, असं एकाही पोराने विचारलं नाही. पोचूआजोबांनी थांबा म्हटलं ना, मग थांबायचं. अरीबा मला धरून उभी होती. ज्या आवाजावर ती दोन वर्षं हशा पिकवत आली होती, त्या आवाजावर सात लेकरं आपला जीव ठेवून होती. हे तिला त्या घटकेला कळलं, आणि मलाही तेव्हाच कळलं.

पोचूभाऊ खाली उतरला. अरीबा त्याच्या मागे. वळणावर सातही जणं एकमेकांना धरून उभी होती. नाला तिथून पंधरा पावलांवर. आणि काठावरच्या झुडपातून एक खोल गुरगुर येत होती. ती ऐकू येण्याआधी पायांना जाणवली. सोमारीने आजोबाकडे पाहिलं, पण ती हलली नाही. तिला हल म्हटलं नव्हतं.

पोचूभाऊ मुलांच्या पुढे जाऊन उभा राहिला. आता त्याचा श्वास जरा बसला होता. त्याने हात जोडले.

"मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "चूक झाली जी. लेकराच्या तोंडून चुकून निंगालं. पदरात घ्या. आमी मांगं जाऊन राह्यलो."

अरीबाच्या चुकीची माफी तो वाघाकडे मागत होता. तिने तोंडावर हात दाबून धरला. मग सगळे एक एक पाऊल मागे सरकू लागले. कोणी पळालं नाही, कोणी रडलं नाही. झुडूप एकदा जोरात हललं. माझा पट्टा तिच्या बोटांत इतका आवळला होता की तो तुटेल असं मला वाटलं. गुरगुर मात्र तिथेच राहिली, आमच्या मागे आली नाही. मोहापाशी पोचलो तेव्हा गुरुजी, गुलाम रसूल आणि पाच-सहा माणसं डफ वाजवत येत होती.

पोचूभाऊने कुणाचंच नाव घेतलं नाही. अरीबाने स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं. गुलाम रसूल पुढे झाले, पोचूभाऊचे हात त्यांनी आपल्या हातांत घेतले आणि कितीतरी वेळ ते तसेच उभे राहिले.

जीव वाचले, पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी पोचूभाऊने नाल्यावरून हाक दिली, रस्ता मोकळा आहे म्हणून. कोणी आलं नाही. त्याने पुन्हा हाक दिली. तो वर गेला तेव्हा मुलं मोहाच्या बुंध्याला चिकटून बसली होती.

"आजोबा, तुमीच बोल्ले का?" सोमारीने विचारलं.

पोचूभाऊने मला गळ्यातून काढून खाली ठेवलं. आयुष्यभर सांभाळलेला त्याचा आवाज त्याच्या नातीलाही खरा वाटत नव्हता.

तेव्हापासून तो रोज नाल्यावर जायचा, वाळू पाहायचा, पुन्हा चढण चढून वर यायचा आणि मुलांना हाताला धरून न्यायचा. गुडघे धरून चढायचा. अरीबा रोज त्याच्यासोबत जाऊ लागली. मला तीच घ्यायची, पण माझ्यातून बोलत नसे. 'ए पोचू' बंद झालं, 'पोचूभाऊ, तुम्ही बसा, मी पाहते' सुरू झालं. वर्गातल्या बाकीच्यांनीही हळूहळू तेच उचललं. मुलं मात्र मोहाखालून हलत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी वाळू पाहून पोचूभाऊ खाली बसला. "आज गुडघा लय दुखते, बाई. आज तुमीच बोला. तुमच्याच आवाजात."

अरीबाने वाळूवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. तिने मला तोंडाशी धरलं.

"मी अरीबा बोलते आहे. पोचूभाऊंनी वाळू पाहिली आहे, मीसुद्धा पाहिली आहे. रस्ता मोकळा आहे. या."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग वळणावर सोमारी दिसली. हातात काठी, मागे सहा जणं. ती दहा हातांवर थांबली.

"ताई, खरंच तूच बोल्ली?"

"हो. मीच."

सोमारीने आजोबाकडे पाहिलं नाही. ती अरीबाच्या तोंडाकडे पाहत राहिली, फार वेळ. मग तिने मागे वळून सांगितलं, "चला रे."

मित्रांनो, आज मी शाळेच्या कपाटात पडून आहे. माझे सेल कधीच गळून गेले. पण तुमच्या शाळेतही कोणीतरी घंटा वाजवत असेल, पाणी आणत असेल, फाटक उघडत असेल. त्याची नक्कल करावीशी वाटली, त्याला अरे-तुरे करावंसं वाटलं, तर आधी एवढं पाहा की त्याच्या शब्दावर कोण घरी जातं. आणि नीट बोला. तुमचं बोलणं गमतीत गेलं तरी ऐकणारी लेकरं खऱ्या वाटेने चालतात, हे मी डोळ्यांदेखत पाहिलं आहे.