सातशे अठ्ठावीस बाय नव्वद

शिंप्याच्या दुकानावर पाटी होती: ‘सर्व प्रकारचे बॅनर बनवून मिळतील’. घात केला तो त्यातल्या ‘सर्व’ या शब्दाने.

दुकान झेंड्यांचं. शाळांचे झेंडे, बोटींची निशाणं, खेळाडूंच्या मिरवणुकीपुढचे लांबलचक कापडी बॅनर, सगळं इथेच शिवलं जायचं. मशीन शिंपी चालवायचा. कात्री त्याच्या ताईच्या हातात असायची, आणि हुकूमही तिचाच. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, आणि लहानपणी आपण याला कडेवर घेऊन फिरलो हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवायची. शिंप्याच्या मते बॅनर म्हणजे कापड. एकदा एक नाटकवाला येऊन म्हणाला, “तुमच्या बॅनरखाली काम करायची इच्छा आहे.” तेव्हा शिंप्याने त्याला विचारलं होतं, “खाली किती माणसं उभी राहणार?”

एका बुधवारी फोन आला. पलीकडे एक मुलगी होती. गाद्या बनवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागून जेमतेम आठवडा झाला होता. मालकांनी तिला सांगितलं होतं, बॅनर बनवणारा कुणीतरी शोध. त्यांना हवा होता कंपनीच्या वेबसाइटवरचा बॅनर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर वर झळकते ती बोटभर उंचीची, पिक्सेलमध्ये मोजायची पट्टी. मुलीने शोधलं, शिंप्याचा नंबर सापडला, आणि तिने तो फिरवला.

“काका, बॅनर करून मिळेल ना?”

“हयात गेली त्यात. बोला, माप काय?”

“सातशे अठ्ठावीस बाय नव्वद. नेहमीचंच.”

शिंप्याने वहीत लिहून घेतलं. “रंग?”

“निळा. आणि थोडा हलता असला तर उत्तम.”

“वारा आला की हलणारच. त्याची काळजी नको.”

मुलीला वाटलं, काका विनोदी दिसतात. ती हसली. “वजन मात्र दीडशे के.बी.च्या आत हवं हं. जड झाला तर उघडायला वेळ लागतो.”

“खरंय,” शिंपी म्हणाला. हा त्याचा रोजचा अनुभव होता.

“आणि उजवीकडे खाली एक लाल बटण हवं. मोठं. लोकांना दाबावंसं वाटेल असं.”

“बटण तर डोळे मिटून लावतो मी. मजकूर सांगा.”

“‘किती वर्षं तीच गादी? आता तरी बदला!’ बस. कंपनीचं नाव नको, ते आमचं वर असतंच. आणि काका, सोमवारी सकाळी आठला लागलेला हवा. सगळ्यात वर. उघडल्या उघडल्या दिसला पाहिजे.”

तिने पत्ता दिला, तो बिल पाठवण्यासाठी. शिंप्याने तो लिहून घेतला, बॅनर लावण्यासाठी.

फोन ठेवल्यावर ताईने वही ओढली. “सातशे अठ्ठावीस काय? इंच की सेंटिमीटर?”

“ते नाही बोलली. सेंटिमीटर असेल गं.”

“या दुकानात कधी सेंटिमीटरने काही झालंय? बापाने इंचात कापलं, मी इंचात कापते. आणि हे के.बी. काय लिहिलंयस?”

“वजन. दीडशेच्या आत हवं.”

“के.बी. म्हणजे?”

शिंप्याने डोकं खाजवलं. “किलोबिलो असेल.”

“दीडशे किलोबिलो! मग सेंटिमीटर कसला रे? एवढ्याशा फडक्याचं कुणी दीडशे किलो वजन सांगतं? इंचच!” ताईने हिशेब केला. साठ फूट आठ इंच लांब, साडेसात फूट उंच. तिचे डोळे चमकले. एवढं मोठं काम दुकानात आजवर आलं नव्हतं.

चार दिवस मशीन थांबलं नाही. दुकान दहा फुटांचं, त्यामुळे शिवलेला भाग दारातून बाहेर सरकवावा लागे. तिसऱ्या दिवशी बॅनरचं डोकं मशीनखाली होतं आणि शेपूट शेजारच्या न्हाव्याकडे. न्हाव्याने काहीएक कुरकुर न करता ते गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती गुंडाळलं आणि दाढी सुरू केली. बटण तर शिंप्याने जीव ओतून बनवलं. परातीएवढं, आत कापूस भरलेलं, लालभडक, चार भोकांतून दोरीने शिवलेलं. ताई म्हणाली, “बटण आहे तर काज नको?” त्यावर दोघांत अर्धा तास वाद झाला आणि शेवटी काज रद्द झालं.

सोमवारी सातच्या ठोक्याला दोघं बॅनर टेम्पोत टाकून पत्त्यावर हजर. कंपनीची इमारत बंद होती. खाली काचबंद दुकान, त्यात मांडलेल्या गाद्या, वर कचेरी. पण इमारत रुंदीला मोजून तीस फूट.

“लटकवायचा कुठे?” शिंपी रडकुंडीला आला.

ताईने समोर बघितलं. रस्त्यापलीकडे नगरपालिका होती, मजबूत दगडी खांबांची. “एक टोक इकडच्या गच्चीला, एक तिकडे. रस्त्यावर आडवा. सगळ्यात वरच हवाय ना?”

नगरपालिकेचा पहारेकरी डोळे चोळत बाहेर आला. “अहो बाई, परवानगी आहे का?”

“वर लावायला सांगितलंय,” ताई म्हणाली.

“वरून सांगितलंय?” पहारेकऱ्याने टाचा जुळवल्या. “मग आधी नाही का बोलायचं? थांबा, शिडी आणतो.”

आठला पाच मिनिटं कमी असताना बॅनर ताणला गेला. पांढरीशुभ्र अक्षरं, माणसाच्या उंचीची: किती वर्षं तीच गादी? आता तरी बदला! उजव्या टोकाचं लाल बटण नेमकं नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावरच्या सज्जाला टेकलं होतं.

नगराध्यक्षांची गाडी नऊला त्या रस्त्याला वळली. साहेब सोळा वर्षं खुर्चीवर होते. त्यांच्यासमोर उभं राहायला कुणी तयारच नसायचं, म्हणून ते दरवेळी निवडून यायचे. त्यांनी काचेतून वर पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, “जरा हळू.” मग म्हणाले, “जरा थांब.” मग उतरून खाली मान घालून आत गेले.

खोलीत गेल्यावर त्यांनी पहारेकऱ्याला बोलावलं. “कुणी लावलं हे?”

“वरून आदेश होता, साहेब.”

“माझ्या वर कोण आहे?”

पहारेकऱ्याने छताकडे पाहिलं. नगराध्यक्षांनीही पाहिलं. तिथे पंखा होता.

एव्हाना खाली दोन-अडीचशे माणसं जमली होती. समोरच गाद्यांचं दुकान, वर हा बॅनर. लोकांनी आपापला अर्थ लावला होता. जुनी गादी द्या, नवी न्या अशी काहीतरी योजना असणार, असं एकाने ठोकून दिलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं. पुढच्या काही जणांनी तर घरून गाद्याही आणल्या होत्या, गुंडाळून डोक्यावर घेतलेल्या. नगराध्यक्षांना वरून फक्त डोकी आणि गाठोडी दिसत होती. माणसं मुक्कामाच्या तयारीने आलीत, आता उपोषण होणार, असं त्यांनी ताडलं.

साडेनऊला ती मुलगी कामावर आली. तिने बॅनर पाहिला, मजकूर ओळखला, लाल बटण पाहिलं, आणि ती मटकन फूटपाथवर बसली. ताई लगबगीने तिच्याजवळ गेली. “काय गं बाळा, चक्कर आली?”

“हे कुणी केलं?”

“आम्हीच की! सातशे अठ्ठावीस बाय नव्वद. तूच फोन केला होतास ना? एक इंच इकडे-तिकडे नाही.”

मुलीने तोंड उघडलं, पण तेवढ्यात सज्जाचं दार उघडून नगराध्यक्ष बाहेर आले. गर्दीने माना वर केल्या. आधाराला काहीतरी हवं म्हणून त्यांनी समोरचं लाल बटण घट्ट धरलं.

“बंधू-भगिनींनो,” ते म्हणाले. “तुमचं म्हणणं मी वाचलं. मी आडमुठा माणूस नाही. माझी गादी मी सोडतो. आज, आत्ता.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांना ते जरा लागलंच.

“किती बाय किती?” एक बाई खालून ओरडली.

“अं?”

“सिंगल की डबल?”

नगराध्यक्षांना प्रश्न कळला नाही, पण आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी उत्तर दिलं. “एकट्याचीच होती. सोळा वर्षं मी त्या गादीवर एकटा बसलो…”

“सोळा वर्षं वापरलेली?” बाई मागे वळून इतरांना म्हणाली. “नको गं बाई! पार दबलेली असणार.”

“ढेकूण असतील,” एक म्हातारा म्हणाला.

“होते!” नगराध्यक्ष कळवळून म्हणाले. “माझ्या आजूबाजूला रक्त पिणारे खूप होते, मी नाही म्हणत नाही! पण मी कुणाला पाठ दाखवली नाही. उलट या गादीपायी माझीच पाठ गेली.”

“बघा! पाठ गेली म्हणतायत. फुकट दिली तरी घेऊ नका!”

“फुकट दिली तरी…” साहेबांनी ते शब्द स्वतःशी पुन्हा म्हटले आणि बटणात तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलू लागले. खाली शिंपी ताईला कोपराने ढोसून म्हणाला, “बघ, एवढा जोर लावतायत, पण एक टाका निघाला नाही.”

मुलीला राहवलं नाही. नोकरी गेली तर गेली, असं मनाशी म्हणत ती रस्ता ओलांडून जिना चढली आणि सज्जात पोचली. “साहेब, रडू नका. गादी म्हणजे गादी हो. झोपायची. आमची कंपनी ती विकते. चूक माझी आहे.”

नगराध्यक्षांनी डोळे पुसले. “म्हणजे लोक माझ्याबद्दल बोलत नव्हते?”

“नाही, साहेब. त्यांना वाटलं, तुम्ही जुनी गादी वाटताय.”

त्यांनी बटण सोडलं. आत उपनगराध्यक्ष त्यांच्या खुर्चीत बसलेही होते आणि तिची उंची जमवत होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या काचेकडे. “मुली, ती पाठीला बरी असते का गं?”

“पडून बघा की.”

गर्दीने वाट दिली. नगराध्यक्ष दुकानात शिरले, बूट काढून दारातल्या गादीवर आडवे झाले, “फक्त बघतो हं” म्हणाले आणि तिसऱ्या श्वासाला घोरू लागले. असं घोरणं त्या रस्त्याने ऐकलं नव्हतं. ते ऐकून बाहेरचे लोक आत घुसले. सगळे कुजबुजत, चवड्यांवर चालत, बोटाने दाखवून गाद्या घेत होते. साहेबांना उठवायचं नाही म्हणून ताई दारात तोंडावर बोट ठेवून उभी राहिली. दुपारपर्यंत दुकान रिकामं झालं. उरली ती एकच गादी, घोरणारी.

मालक मुलीजवळ आले. ती निरोपाचं भाषण पाठ करत होती. “हा बॅनर कुणाचा?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. तिने शिंप्याकडे बोट दाखवलं. मालकांनी शिंप्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मुलीने शिंप्याला फोनवर दुसऱ्या एका कंपनीचा बॅनर दाखवला, असा हवा होता म्हणून. शिंप्याने चष्मा वर केला, फोन उलटा करून मागची बाजूही पाहिली आणि कीव आल्यासारखं म्हणाला, “याला तर दुमडून टीप मारायलाही जागा ठेवलेली नाही.”

चारला नगराध्यक्ष उठले. उपनगराध्यक्ष राजीनाम्याचा कागद घेऊन कधीपासून पायथ्याशी उभे होते. “गैरसमजच होता म्हणा, साहेब,” ते घाबरत म्हणाले, “पण आता टाइप झालाय तर…” साहेबांनी आळस दिला, पाठ इकडून तिकडे वळवून पाहिली, आणि झोकात सही ठोकली.

ते चालत घरी गेले. त्यांना दिवसाउजेडी आलेलं पाहून बायकोने आधी कपाळाला हात लावून ताप बघितला, मग सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे आता तुम्हाला वेळ आहे,” ती म्हणाली.

“भरपूर.”

“मग मागचा नळ गळतोय त्याचं बघा. चार वर्षांपूर्वी नगरपालिकेत अर्ज केलाय मी. कुणी विचारत नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, रीतसर अर्ज कर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब तक्रारींच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. त्यांचा सतरावा नंबर होता, आणि पुढच्या माणसाशी गप्पा मारताना त्यांना कळलं, की त्याचाही नळच होता.