रफूवालीची बंद पडलेली प्रार्थना

रफूवालीचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा तिला वाटलं होतं, थोड्याच दिवसांत आपण पुन्हा खिडकीशी सुई घेऊन बसू. हाडानं वेगळंच ठरवलं. भाची सकाळी जेवणाचा डबा उशाशी ठेवून कामावर जायची ती दिवेलागणीलाच परतायची. मधला सगळा दिवस छताकडे बघण्यात जायचा.

सुरुवातीला ती रडायची. मग रडूही आटलं. दुखणंसुद्धा आता दुसऱ्या कुणाचं असावं तसं लांबून दुखायचं. लहानपणापासून कधी न चुकलेली संध्याकाळची प्रार्थना तिनं सोडून दिली. रागानं नव्हे. हात जोडले की तोंडात एकच वाक्य यायचं, ‘मला टाकलंस का रे?’ आणि देवबापाला असं उलटून विचारणं पाप, हे आईनं दुधाबरोबर पाजलेलं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

एका दुपारी चर्चच्या पाळकबाई धापा टाकत जिना चढून आल्या.

“कशी आहेस गं?”

“आहे. जाणार कुठे?”

“अगं, दर बुधवारी मंडळीतल्या आम्ही सगळ्या बायका तुझ्यासाठी प्रार्थना करतो. गुडघे टेकून!”

“म्हणजे देवाला माझा पत्ता सांगत होतात. तुम्हालाच तेवढा सापडला नाही.”

पाळकबाई हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. “खरं आहे. प्रार्थना करून उठलं की तुला भेटून आल्यासारखंच वाटायचं. प्रत्येकीला. जिना दुसरी कुणीतरी चढत असेल, असं धरून चाललो. चुकलंच आमचं.”

रफूवालीला यावर ना वाईट वाटलं, ना बरं. सवयीनं पाळकबाईंनी डोळे मिटले, तशी ती म्हणाली, “माझ्यापुढे नको, बाई. मला आमेन म्हणता येणार नाही.”

पाळकबाईंनी डोळे उघडले. तिच्या केसांकडे बघत म्हणाल्या, “बरं, नाही करत. पण डोक्याचं हे काय घरटं करून ठेवलंयस? अंडी घालायचीत का कुणाला?”

त्यांनी पाणी तापवलं, पलंगाशी स्टूल ओढून त्यावर घमेलं ठेवलं आणि तिचं डोकं कडेला घेतलं. एकेक गुंता त्या बोटांनी सोडवत राहिल्या. कोमट पाणी कानामागून उतरत होतं. छताकडे बघत, कुणाला तरी निरोप सांगावा तशा आवाजात रफूवालीनं ते ओठांवरचं वाक्य सांगून टाकलं.

पाळकबाईंचे हात थांबले नाहीत. “मग?”

“मग काय? पाप नाही का ते?”

“वधस्तंभावर खिळलेल्या प्रभूनं काय विचारलं होतं गं बापाला? तेच ना? आणि मनातल्या मनात नाही, सगळ्यांदेखत, ओरडून. तो बिचारा तुझ्याही आधी तिथं जाऊन आला. तू प्रार्थना सोडलीस कुठे, वेडे? त्याचीच गिळत बसलीस.”

पाळकबाईंनी केस पुसले, सैलशी वेणी घातली, घमेलं रिकामं केलं आणि “शुक्रवारी येते, बुधवारची वाट नाही बघत,” म्हणून जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी तिनं हात जोडले. आत काही हललं नाही. धीर आला नाही, डोळेही भरले नाहीत. “मला टाकलंस का रे?” तिनं मोठ्यानं विचारलं. खोली गप्प होती. पण असं विचारणारी आपण पहिली नाही, एवढं तिला आता ठाऊक होतं. तिनं पुन्हा विचारलं, आणि या वेळी शेवटी आमेन म्हणाली.