बॉनेटवरची विभूती

आमच्या ह्यांनी ज्याचं ऐकावं, असा माणूस लोहाऱ्यात अजून जन्माला यायचाय. नाव शरणबसप्पा, पण शरण जाणं ठाऊक नाही.

आमची एकुलती एक महेश्वरी. कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा स्वतःच्या पगारातून घेतलेली लाल गाडी तिनं आमच्या अंगणात कडुलिंबाखाली लावली. "आप्पा, जपा हं," एवढंच म्हणाली. मग काय विचारता! रोज सकाळी पूजा झाली की गाडीला बोअरच्या पाण्यानं अंघोळ. त्याआधी बॉनेटवरची कालची विभूती कोरड्या फडक्यानं गोल गोल घासून पुसायची आणि अंघोळीनंतर तीन बोटं नवी ओढायची.

मी पहिल्याच महिन्यात म्हटलं, "अवो, विभूती झाली तरी राखच की ती. म्या राखेनं तांबे घासते, तुम्ही गाडी घासताय."

"तांब्या येगळा, गाडी येगळी. तू तुझी चूल बघ."

बघितली चूल. त्या दिवशीच्या भाकरी जरा जाडच झाल्या.

दोन वर्षं अशी गेली. मग महेश्वरीचा फोन आला, रविवारी येते म्हणून. त्या दिवशी ह्यांनी पहिल्यांदा चष्मा लावून गाडी पाहिली. वरचा टप उन्हानं पांढुरका पडलेला, त्यावर पाखरांच्या घाणीचे डाग, दारांवर पाण्याचे ठिपके, आणि बॉनेटची तर पार कळा गेलेली. रात्री ताट तसंच सारलं. "पोरीनं एकच गोष्ट सोपवली व्हती," म्हणाले. मला टोमणा सुचला होता, पण गिळला. वाईट वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीच्या चालीनं गाडी हाकत आम्ही नळदुर्गला गेलो. हायवेच्या कडेला मल्लेशचं गाड्यांना पॉलिश करायचं दुकान आहे. त्यानं बॉनेट पाहिलं, मग ह्यांच्या कपाळावरचे तीन पट्टे पाहिले. पोरगा हुशार.

"आप्पा, ऊन लई, बोअरचं पाणी जड, त्यात लिंबावरची पाखरं. तुमचा काय दोष न्हाय."

ह्यांचा चेहरा खुलला. माझ्या जिभेला खाज सुटली, पण बसले बाकड्यावर गप.

मल्लेशनं गाडी धुतली, मऊ मातीसारख्या गोळ्यानं चिकटलेली घाण ओढून काढली, ठिपक्यांवर व्हिनेगर फिरवलं. मग मशीन लावलं तसा टप हळूहळू लाल व्हायला लागला. बॉनेटची पाळी आली तेव्हा त्यानं त्यावर दिवा धरला. बारीक रेघांची नुसती वर्तुळं, एकात एक. हे वाकले. हवेतच हात गोल फिरवून पाहिला. वर्तुळं आणि हात एकाच मापाचे.

"मल्लेश, ही पाखरं न्हायती," हे हळूच म्हणाले. "हा माझा हात हाय."

"जाईल हो आप्पा. पण वरचा थर पातळ झालाय. पुन्ना असं घासलं तर रंगच द्यावा लागंल."

चाळीस वर्षांत ह्यांनी चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली, तीही माझ्यापुढं नाही, मल्लेशपुढं. चालायचंच. संध्याकाळी गाडी नवरीसारखी नटून घरी आली.

रविवारी महेश्वरी जीपमधून उतरली, सामान तिथंच टाकून गाडीभोवती फिरली. "आप्पा, नव्यासारखी ठेवलीय की!"

मी डोळ्यांनी खुणावलं, गप राहा. पण ऐकतील तर ना. पाखरं, वर्तुळं, मल्लेश, सगळं सांगून टाकलं, आणि खाली मान घालून उभे राहिले.

"रोज विभूती लावत होता? दोन वर्षं?"

"तू तिकडं लांब. तुझ्या कपाळाला हात पोचत न्हवता."

महेश्वरी आत गेली, देवघरातून विभूतीची वडी घेऊन आली. ह्यांच्यासमोर उभी राहून आपल्या कपाळावरचे केस मागं सारले.

"आता हितं लावा, आप्पा. किती बी घासा, रंग जायचा न्हाय."