जावयाच्या हातची सर्व्हिसिंग

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. तांदळाच्या कणीएवढा स्क्रू ज्याला चिमट्यात धरून बसवता येतो, त्याने जगातलं कुठलंही यंत्र खोलायला हरकत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. घरातला मिक्सर त्याने खोलला होता, शिलाई मशीन खोललं होतं, भिंतीवरचं घड्याळ तर दोनदा. घड्याळ तेव्हापासून स्वतःच्या मर्जीने चालत होतं, पण चालत होतं. त्यामुळे सासूबाईंची मोटरसायकलच्या लायसन्सची टेस्ट ठरली, तेव्हा आदल्या दुपारी गाडीची सर्व्हिसिंग करायचं काम त्याने कुणी न सांगताच अंगावर घेतलं.

गाडी मूळची सासऱ्यांची. उभ्या आयुष्यात त्यांनी तिच्या हँडलला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. वस्तीबाहेरच्या टेकडीवर सासूबाईंच्या मधाच्या पेट्या होत्या, आणि सासूबाईंना मागे बसवून तिथवर न्यायचं, पेट्या बघून होईपर्यंत झाडाखाली पेपर वाचायचा आणि परत आणायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मग गुडघ्यांनी संप पुकारला. किक मारणं लांबच, खुर्चीतून उठतानाही त्यांना दोन्ही हातांनी टेबल धरावं लागू लागलं. काही दिवस सासूबाई चालत गेल्या, काही दिवस कुणाच्या तरी टेम्पोतून. शेवटी एका संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "गाडी मी शिकणार."

सासऱ्यांनी हातातला घास सावकाश संपवला. "मी काही बोलत नाही," ते म्हणाले.

हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. ते एकदा म्हणून झालं की पुढचा पाऊण तास तेच बोलायचे.

शिकवायचं काम अर्थातच जावयाकडे आलं. सासू आणि जावई हे नातं मुळात चहाच्या कपबशीसारखं, जपून धरायचं. एकाने मागून "क्लच, क्लच" म्हणून ओरडायचं आणि दुसरीने भिंतीच्या दिशेने जायचं, हे त्या नात्यात बसत नाही. पण जवळच्या एका गोदामामागच्या मोकळ्या जागेत दोघांनी ते बसवलं. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही घाबरता आणि मग मला भीती वाटायला लागते. तुम्ही लांब उभे राहा बघू." तो लांब उभा राहिला, आणि सासूबाईंना गाडी यायला लागली.

तर सर्व्हिसिंग. जावयाने ती डोळ्यांत तेल घालून केली. इंजिनाचं ऑइल बदललं, चेन घासून तिला वंगण दिलं, प्लग काढून ब्रशने साफ केला, एअर फिल्टर झटकला, कार्बोरेटरची वाटी खोलून तळाचा गाळ पुसला, क्लचची वायर नीट ताणली. शेवटी पाण्याचा पाइप लावून गाडी अशी धुतली की नंबरप्लेटमध्ये तोंड दिसावं. सासरे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. दोनदा त्यांनी पाना मागितला आणि दोन्ही वेळा जावई प्रेमाने म्हणाला, "तुम्ही बसा हो बाबा, कशाला त्रास घेता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाची बायको कामावर निघून गेली. जाताना आईला शुभेच्छा आणि नवऱ्याला ताकीद देऊन गेली: "परीक्षा आईची आहे, तुझी नाही. मध्ये मध्ये करू नकोस." सासूबाई बूट घालून, केस घट्ट बांधून, हेल्मेट काखेत मारून अंगणात आल्या. जावयाने चोक ओढला आणि पहिली किक मारली.

काहीच झालं नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. गाडी नुसतं 'फस्' करायची आणि गप्प व्हायची.

"सकाळची गार असते," जावई म्हणाला.

"मी काही बोलत नाही," खुर्चीतून आवाज आला, "पण काल दुपारपर्यंत ती पहिल्या किकला उठायची."

जावयाने ऐकलं नाही असं दाखवलं, पण कानशिलं तापली. दहाबारा किका मारून झाल्यावर त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली आणि नाकावरून त्याचा स्वतःचाच चष्मा घसरायला लागला. त्याने हँडलवरचं, इंजिन बंद करायचं लाल बटण तपासलं. धुताना ते चुकून दाबलं जातं, हे त्याला माहीत होतं. बटण जागेवर होतं. पेट्रोलची चावी सुरू होती.

"टाकीत पेट्रोल आहे का?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहे, बाबा."

"बघून सांगताय की आठवून?"

जावयाने झाकण उघडून टाकीत डोकावून पाहिलं. पेट्रोल होतं. मग त्याने कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून खाली डबा धरला. धार व्यवस्थित पडली. म्हणजे पेट्रोल येत होतं.

"आता ठिणगी बघू," तो म्हणाला. त्याने प्लग काढला. प्लग पेट्रोलने चिंब होता. तो पुसून त्याने वायरच्या टोपीत अडकवला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि सासूबाईंना किक मारायला सांगितली. त्यांनी मारली. प्लगच्या टोकाला निळी, टपोरी ठिणगी उडाली.

आता मात्र जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, आणि तरी गाडी मुकी. याचा एकच अर्थ उरत होता: काल त्याने कुठेतरी काहीतरी असं करून ठेवलं होतं की ते त्याचं त्यालाच दिसत नव्हतं. त्याने एअर फिल्टर पुन्हा काढला. आत बोळा नाही, चिंधी नाही, फिल्टर लख्ख. कार्बोरेटरची वाटी पुन्हा खोलली. तीही लख्ख. अंगणात फडक्यावर स्क्रूंची रांग वाढत चालली आणि टेस्टची वेळ जवळ येत चालली.

"आई, माझं चुकलं," तो शेवटी खाली बसत म्हणाला. "चांगली चालती गाडी मी बसवून ठेवली. आपण रिक्षाने जाऊन पुढची तारीख मागू."

सासूबाईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. त्या गाडीकडे बघत होत्या. पेटीवर रागावलेल्या माश्या बसल्या की त्या अशाच बघायच्या, अजिबात हालचाल न करता.

"ते सगळं परत लावा बघू," त्या म्हणाल्या. "मला एकदा किक मारायची आहे. चालू करायला नाही. पायाला काय लागतंय ते बघायला."

जावयाने लावलं. घाईत लावलं, पण लावलं. सासूबाईंनी सावकाश, वजन टाकून किक खाली दाबली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा दाबताना त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आधी प्लग बाहेर असताना हलकी होती."

"तशीच असते, आई. प्लगच्या भोकातून हवा निघून जाते."

"ते असू दे. पण प्लग लावल्यावर रोज लागते त्याच्यापेक्षा ही जड आहे. पाय खाली जातो आणि कुणीतरी मागे ढकलतं. माझ्या धुराच्या डबड्याची चोच चोंदली की त्याचा भाता असाच करतो. दाबला की हाताला उलटा येतो."

माश्यांना शांत करायला त्या ज्यातून धूर सोडायच्या, ते डबडं जावयाने शंभर वेळा पाहिलं होतं, पण त्याचा आणि मोटरसायकलचा संबंध त्याच्या डोक्यात येईना. सासूबाईंच्या आला होता. त्या गाडीमागे गेल्या, उकिडव्या बसल्या आणि सायलेन्सरच्या तोंडावर तळहात धरला.

"मारा किक."

त्याने मारली.

"हिचा श्वास बाहेर येतच नाहीये," त्या म्हणाल्या आणि सायलेन्सरमध्ये दोन बोटं घातली. मग वळून म्हणाल्या, "तुमचा तो लांब चिमटा द्या."

चष्म्याच्या दुकानातला चिमटा त्या दिवशी पहिल्यांदाच असल्या कामाला लागला. आधी एक राखाडी टोक बाहेर आलं, मग पट्ट्यापट्ट्यांचा भाग, मग टाच. पूर्ण बाहेर आल्यावर ओल्या, काळ्या झालेल्या त्या वस्तूकडे तिघांनीही पाहिलं. तो मोजा होता.

जावयाने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"अहो," सासूबाई म्हणाल्या.

"धुताना पाणी शिरतं आत," सासरे भिंतीला म्हणाले. "मी नेहमी बोळा घालायचो. हे जावईबापू पाइप आणायला मागे गेले, तेवढ्यात मी कसाबसा उठलो आणि हाताशी होतं ते घातलं. नंतर काढायचं राहिलं. डोळा लागला माझा."

"मग सांगायचं नाही का? मघापासून माणूस घाम गाळतोय."

"आठवलं असतं तर सांगितलं नसतं का?" ते जरा थांबले. आवाज खाली आला. "एवढं सगळं चाललं होतं गाडीचं. मला वाटलं, आपलाही हात लागावा कशाला तरी."

जावयाला कालचे ते दोन पाने आठवले, मागितलेले आणि न दिलेले. अति तिथे माती म्हणतात, ती आपण प्रेमानेही करून ठेवतो, असं काहीसं त्याच्या मनात आलं, पण बोलायला ते बरं दिसेना. सासूबाईंनीच मोजा झटकून खुर्चीच्या हातावर वाळत टाकला.

"गुडघे गेलेत तुमचे, हात कुठे गेलेत?" त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी चेन आणि ऑइल तुम्ही करायचं. जावईबापू खाली वाकतील, तुम्ही बसून सांगा आणि बसून करा. आणि मोजे पायात घाला."

सासऱ्यांनी मान हलवली. हसू आवरायला त्यांनी पेपर उघडला, तो उलटा धरला होता.

आत फार पेट्रोल साचलं होतं म्हणून जावयाने चावी बंद केली आणि मूठ पूर्ण पिळून चार किका मारल्या. पाचव्या किकेला इंजिन खोकलं, त्याने काळा धूर ओकला आणि मग ते धडधडू लागलं. जावयाने चावी पुन्हा सुरू केली. तिघांचाही जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी हेल्मेट चढवलं आणि जावयाला मागे बसवून, त्याला डोळे मिटायचीही उसंत न देता, शहराच्या दुसऱ्या टोकाला टेस्टच्या मैदानावर नेलं.

परीक्षा घेणारे साहेब उंच, सुकलेले आणि कंटाळलेले होते. त्यांच्या चष्म्याची एक काडी सैल होती, त्यामुळे चष्मा डाव्या गालावर कलला होता. जावयाच्या खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर होता आणि बोटं शिवशिवत होती. पण आज आपण आणखी काहीही दुरुस्त करायचं नाही, असं स्वतःला बजावून तो कुंपणापाशी उभा राहिला.

सासूबाईंनी आठचा आकडा निम्मा काढला, सुंदर काढला, आणि बरोबर मध्यावर गाडी बंद पडली.

"बाई, बंद पडली," साहेब म्हणाले, जणू ही बातमी होती.

"पडली खरी. जरा थांबता का?"

जावई कुंपणावरून पाय टाकणार, तोच सासूबाईंनी त्याच्या दिशेने तळहात वर केला. लांब उभे राहा, असा त्याचा अर्थ त्याला पाठ होता. त्यांनी गाडी स्टँडवर घेतली. पेट्रोलची चावी पाहिली. लाल बटण पाहिलं. मागे जाऊन सायलेन्सरमध्ये डोकावल्या, तेव्हा साहेबांनी पहिल्यांदाच कुतूहलाने मान वाकडी केली. मग त्या इंजिनापाशी वाकल्या. प्लगची टोपी अर्धवट बसली होती आणि धक्क्यांनी निसटली होती. सकाळी घाईत ती कुणी लावली होती ते कुंपणापाशी उभ्या माणसाला चांगलंच ठाऊक होतं. सासूबाईंनी ती अंगठ्याने दाबली. 'टक' असा आवाज जावयालाही ऐकू आला. एका किकेत गाडी उठली.

"दुरुस्ती कुठे शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"घरीच. आज सकाळी."

साहेबांनी कलता चष्मा वर सारला. "आठ परत काढा. पहिल्यापासून."

त्यांनी परत काढला. दोनदा काढला, दुसऱ्यांदा कुणी सांगितलं नसताना.

पास झाल्याचं कळल्यावर त्यांनी नुसती मान डोलावली. घरी परतताना मात्र दोन चौक जास्तीचे फिरल्या. सासरे फाटकात उभे होते, भिंतीला धरून. इंजिनाचा आवाज त्यांनी वळणावरच ओळखला असणार. सासूबाईंनी गाडी बंदच केली नाही.

"चला, बसा. पेट्या बघायच्या राहिल्यात."

"मागे?" सासऱ्यांनी विचारलं.

"पुढे मी आहे."

जावयाने आतून स्टूल आणलं. खांद्याला धरून, एक पाय उचलून, बरीच कुरकुर ऐकून घेऊन त्याने सासऱ्यांना मागच्या सीटवर बसवलं. इतक्या वर्षांत ते त्या सीटवर कधी बसले नव्हते. पाय कुठे ठेवायचे तेही त्यांना कळेना. गाडी निघाली आणि कोपऱ्यावर पोहोचायच्या आत त्यांनी गिअरबद्दल दोन सूचना दिल्या, त्या जावयापर्यंत ऐकू आल्या.

संध्याकाळी ते परतले, तेव्हा सासऱ्यांचा एक कान टम्म फुगून लाल झाला होता. झाडाखाली बसून पेपर वाचायचं सोडून ते या वेळी थेट पेट्यांपाशी गेले होते आणि एका माशीने त्यांचा समाचार घेतला होता. मुलगी कामावरून येऊन कानाला बर्फ लावत होती आणि ते खुशीत बोलत होते: टेकडीवर गवत किती वाढलंय, पायवाट कशी वाहून गेलीय, आणि कडेची पेटी एका अंगाला कललीय, खाली दगड द्यायला हवा.

"उद्या परत जायला हवं," ते म्हणाले आणि गाडी कुठे लावलीय ते बघायला खिडकीकडे वळले.