लांब नेलेला बोकड

बनुबाईंनी बोकडाचं दावं मनगटाला गुंडाळलं आणि त्या टेम्पोच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"डॉक्टरीण बघून जाऊ दे. मग न्या लोणंदच्या बाजाराला."

पलटणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचे यजमान नाथाजी घरीच असत आणि दिसेल त्यात सुधारणा करत. आता पाळी बोकडाची होती. शेळ्या गाभण राहत नव्हत्या आणि सगळं खापर त्याच्यावर फुटलं होतं. असला बोकड बाजारात खाटकाशिवाय कोण घेणार? बनुबाईंनी तर त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

फिरदोस डॉक्टरांनी बोकड तपासला, मग त्या गोठ्यात डोकावल्या. बोकड आणि शेळ्या एकाच दावणीला होत्या.

"बोकड उत्तम आहे, काका. शेळ्याच माजावर येत नाहीत. बोकडाचा वास नाकातून मेंदूपर्यंत पोचला की मेंदू हार्मोन सोडतो, मग शेळी माजावर येते. हा रात्रंदिवस शेजारीच. त्यांच्या मेंदूनं याची दखल घेणंच सोडलंय."

"मग औषध?"

"लांब न्या. वाससुद्धा येणार नाही इतका. महिन्यानं आणा."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर मी सोता खाटकाकडं नेते," बनुबाई म्हणाल्या. बोलून गेल्या खऱ्या, पण दावं काही त्यांच्या हातून सुटेना.

बोकड आष्ट्याला नाथाजींच्या बहिणीकडे गेला. जनावर दुसऱ्याच्या भरवशावर टाकणं नाथाजींच्या शिस्तीत बसत नव्हतं, म्हणून तेही गेले. महिन्यानं बोकड टेम्पोतून परतला. नाथाजींना मात्र बहिणीनं जत्रेसाठी आठवडाभर ठेवून घेतलं.

ते आले तेव्हा गोठ्यात एकच गोंधळ चालला होता. शेळ्या शेपट्या हलवत, ओरडत बोकडाला भिडत होत्या आणि तो नवरदेवासारखा मान ताठ करून मिरवत होता. फिरदोस कुंपणाशी हसत उभ्या होत्या. बनुबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"आवं, आता सांगा, कुणाला धाडायचं बाजाराला?"

उत्तर द्यायला नाथाजी वळले आणि बायकोकडे बघतच राहिले.

"आज अबोली माळलीस व्हय?"

बनुबाईंचा हात केसांकडे गेला.

"रोजच माळते की," त्या म्हणाल्या.